सोमवारच्या सुया

चोरखमारा, ता. तिरोडा
१६ जुलै २०२३

श्यामलाल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते लगेच फोडणार नाहीस. सावित्री वहिनी फोडतील आणि तुला वाचून दाखवतील. म्हणून आधी वहिनींना नमस्कार.

पत्र लिहायचं कारण असं की तू माझा फोन उचलत नाहीस. उचललास तरी मी फार वेळ बोलू शकत नाही. नागपूरच्या रेडिएशननं आजार गेला, दर तपासणीत डॉक्टर 'साफ आहे' म्हणतात, पण जाताना तो तोंडातलं पाणी घेऊन गेला. लाळ तयार करणाऱ्या गाठी भाजून निघाल्या म्हणे. चार वाक्यं बोललो की जीभ टाळूला चिकटते. भात वरणात बुडवून खातो. भाकर सुटली. तुझ्याबरोबर शंकरपटाच्या शर्यतीचा माईक दिवसभर धरायचो, बैलजोडी सुटली की सगळं मैदान उभं करायचो, आणि आता किराणा दुकानात साखरेच्या पोत्याकडे बोट दाखवतो. दुकानदाराला वाटतं मी रागावलो आहे.

रडगाणं म्हणून लिहीत नाही. रोवणी आटोपली आहे, तलावात पाणी बरं आहे, परसात कोचईची पानं माजली आहेत. बसून आहे म्हणून लिहून राहिलो.

नवी बातमी सुयांची. गोंदियाच्या एका दवाखान्यात अभ्यास सुरू झाला आहे. रेडिएशननं ज्यांची लाळ आटली त्यांना बारीक सुया टोचल्या तर ती परत येते का, ते पाहायचं. इंजेक्शनची सुई नाही ही. केसासारखी असते आणि आत औषध काही नसतं. चीनमधली जुनी पद्धत आहे, ॲक्युपंक्चर म्हणतात. पुष्पानं पेपरात वाचलं आणि माझ्या मागे लागली. "घरी बसून नुसती मुंडी हालवून राहिले. जाऊन पाहाल तर काय झिजाल?"

गेलो. तिथं दामिनी नावाची डॉक्टरीण आहे, तुझ्या हिमांशूच्या वयाची. तिनं मला खुर्चीवर बसवलं आणि सही घेण्याआधी खूप वेळ समजावून सांगितलं. काही लोकांना खऱ्या सुया टोचणार. काहींना खोट्या, म्हणजे नुसत्या टेकवायच्या, आत जाऊ द्यायच्या नाहीत. काहींना सुयाच नाहीत, नेहमीचे उपचार तेवढे. कोण कुठं, ते कॉम्प्युटर चिठ्ठी काढून ठरवणार.

"मले कोनत्या लागतील?"

"ते तुम्हाला सांगणार नाही, काका. मलाही कळणार नाही. मी फक्त लाळ मोजणार. टोचणाऱ्या सरांना तेवढं माहीत असेल."

"म्हणजे तुमी मले फसवू शकता, अन् ते आधीच सांगून राहिल्या?"

ती हसली नाही. म्हणाली, "हो. पटत नसेल तर आत्ता उठून जा. मधूनही कधी सोडा, कोणी काही म्हणणार नाही."

मी सही केली. काऊन केली ते नीट सांगता येत नाही. आजारात मला पुष्कळांनी 'हमखास गुण येतो' म्हणून पुड्या दिल्या. 'ठाऊक नाही, म्हणून पाहतो आहोत' असं म्हणणारी ती पहिली.

तू नागपूरला माझ्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत येऊन परत फिरलास हे मला माहीत आहे. त्यानंतर बैल विकून भिलाईला मुलाकडे गेलास. त्याबद्दल आज लिहीत नाही. राग होता. अजूनही थोडा आहे. पण पटाच्या गोष्टी काढाव्यात तर गावात दुसरं माणूस नाही.

उदाराम

११ सप्टेंबर २०२३

श्यामलाल,

तुझं उत्तर आलं नाही. मी काही अडून राहिलो नाही.

चिठ्ठीत मला सुया निघाल्या. खऱ्या की खोट्या, देव जाणे आणि भुपेंद्र सर जाणोत. दर सोमवारी सकाळच्या गाडीनं तिरोड्याहून गोंदियाला जातो. सुया टोचणारे तेच. त्यांना आमच्याशी बोलायची मनाई आहे, कारण बोलण्यातून कळून जाईल आणि माणूस उगाच खूश किंवा नाराज होईल. ते इतकी मनाई पाळतात की 'झोपा' आणि 'उठा' याशिवाय मी त्यांचा आवाज ऐकला नाही. डोळ्यांवर काळी पट्टी बांधतात. कानाच्या पाळीत, हनुवटीवर आणि तर्जनीच्या टोकाशी काहीतरी होतं. कधी मुंगी चावल्यासारखं वाटतं, कधी काहीच नाही. मग पंखा ऐकत पडून राहायचं. खरं सांगू? मला ते आवडतं. घरी असा दिवसा कोण झोपू देतो?

मोजणी मात्र ऐकण्यासारखी आहे. हातात कप देतात. मान खाली घालायची, गिळायचं नाही, तोंडात जे येईल ते कपात सोडायचं. दामिनी समोर घड्याळ घेऊन बसते. मग तो कप सोन्याच्या दुकानातल्यासारख्या काट्यावर ठेवते. पहिल्या दिवशी माझ्या कपात पडलं ते पाहून मला लाज वाटली. मी म्हणालो, "बाई, एवढ्यासाठी काटा कायले घाण करता?"

"काका, शून्य असलं तरी ते शून्य मला नीट मोजायचं आहे."

मग कागदावरचे प्रश्न. भाकर खाता येते का, बोलताना त्रास होतो का, रात्री किती वेळा पाण्यासाठी उठता. एकीकडे काटा काय म्हणतो, दुसरीकडे माणूस काय म्हणतो, दोन्ही लिहून घेतात. दोघांचं जुळलंच पाहिजे असं नाही, म्हणते.

माझ्यासोबत नागऱ्याच्या मंदाबाई असतात. तिथल्या शंकराच्या देवळापुढे नारळ-फुलं विकतात. आयुष्यभर तंबाखूचा गुडाखू दातांना घासला, जिभेच्या कडेला आजार निघाला, माझ्यासारखंच रेडिएशन झालं. त्यांचं तोंड कोरडं असलं तरी चालूच असतं. पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बोलतात, घोट घेतात, परत बोलतात. पहिल्याच सोमवारी मला म्हणाल्या, "भाऊ, तुमचा आवाज मी वरखला. तुमी पटातले ना? तुमचे ते दुसरे जोडीदार कुठं गेले?"

मी म्हणालो, भिलाईला गेले.

"भांडले का?"

"भांडलो असतो तर बरं झालं असतं," मी म्हणालो. बाईनं पुढं विचारलं नाही. ही त्यांच्यासाठी मोठी गोष्ट आहे.

सुयांनी काही फरक? ठाऊक नाही. काल भात खाताना पाण्याचा पेला भरलेलाच राहिला, हे पुष्पानं दाखवलं तेव्हा कळलं. होऊ शकते सुयांनी. होऊ शकते की वरण पातळ होतं.

उदाराम

२० नोव्हेंबर २०२३

श्यामलाल,

दिवाळीनंतरची आपली मंडईची जत्रा झाली, पटही झाला. यंदा माईक इंद्रकुमारकडे होता. पोरगा चांगला आहे, आवाजही आहे, पण जोडी सुटायच्या आधीच ओरडून घेतो, मग खरी वेळ आली की त्याच्याजवळ उरत नाही. मला स्टेजवर खुर्ची दिली होती. मध्येच त्यानं माईक पुढं केला, "काका, दोन शब्द." मी उभा राहिलो आणि गावातल्या सगळ्यांना 'राम राम' म्हणालो. दोनच शब्द होते, आणि दोन्ही नीट निघाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या फार मोठ्या वाटल्या, म्हणून लवकर बसलो.

आता मुद्द्याचं. मंडईत कोणीतरी सांगितलं की तू हल्ली डाळभात कालवून, गाळासारखा करून खातोस. तिखट जिभेला लागलं की ताट सारतोस. जांभई देताना गालावर हात धरतोस. आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटला नाही.

कोणी सांगितलं ते विचारू नकोस.

श्यामलाल, मी माईकवर असतो तर घोळवून सांगितलं असतं. कागदावर मला ते जमत नाही. उठ आणि आरशासमोर उभा राहा. उजव्या हाताची मधली तीन बोटं एकमेकांना जोडून उभी धर आणि दातांच्या मध्ये घालून पाहा. निरोगी माणसाच्या तोंडात तिन्ही जातात. माझ्या आजाराच्या आधी वर्षभर माझ्या तोंडात दोन जात होती आणि मी ते कोणालाही सांगितलं नाही. आपण एकाच पन्नीतला खर्रा अर्धा अर्धा खाल्ला आहे. जे माझ्या गालात झालं ते तुझ्या गालाला माहीत नाही असं कसं होईल?

मी तुला घाबरवून राहिलो असं वाटेल. हो, घाबरवून राहिलो.

गोंदियाच्या त्याच दवाखान्यात, आमच्या सुयांच्या खोलीला लागून, तोंड तपासणारे डॉक्टर बसतात. सोमवारी मी तिथंच असतो. भिलाईहून गाडी सरळ येते.

बोटं घालून पाहा आणि किती गेली ते एका ओळीत कळव. बाकी काही लिहू नकोस.

उदाराम

१९ डिसेंबर २०२३

श्यामलाल,

तुझं कार्ड मिळालं. पुष्पानं ते देवापाशी ठेवलं होतं. मी शेतातून आलो तर म्हणाली, "भिलाईहून काही आलं. वाचलं नाही मी." वाचलं होतं तिनं, कारण डोळे लाल होते.

दीड बोट लिहिलंस. खरं लिहिलंस, हे फार झालं.

आणि पुढं लिहिलंस, 'तुझ्या त्या सुयांनी तोंड उघडत असेल तर येतो. कापाकापी असेल तर येत नाही.'

ही ओळ मी दिवसभर वाचत होतो. तुला खरं सांगायचं तर माझ्या मनात पाप आलं. लिहावं, ये, सुया आहेत, दुखत नाही, झोप लागते. एकदा गाडीतून उतरलास की हात धरून तपासणाऱ्या डॉक्टरांपुढं बसवावं, मग काय करशील? पुष्पाही म्हणाली, "खोटं बोला. जीव वाचत असेल तर बोला. पाप लागलं तर मले लागो."

सोमवारी मी दामिनीला विचारलं. म्हणालो, माझा दोस्त फक्त सुयांच्या नावावर येतो म्हणते. त्याला आणवून घ्या, दोन खोट्या सुया टेकवा त्याच्या कानाला, तुमच्याकडे आहेतच. मग डॉक्टर साहेब गाल पाहून घेतील.

तिनं हातातला कप खाली ठेवला. "काका, त्यांना जे झालं असेल ते सुयांचं काम नाही. आमचा अभ्यास कोरड्या तोंडाचा आहे. त्यांचं तोंड आवळत चाललंय, त्याला आधी तपासणी लागेल. कदाचित गालाचा बारीक तुकडा काढून पाहावा लागेल. सुयांच्या नादात दोन महिने गेले तर?"

"पन खरं सांगितलं तर तो येनारच नाही."

"तुम्हाला मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना, खोट्या सुयाही लागू शकतात?"

"हो."

"तरी तुम्ही आलात. दर सोमवारी येताय."

मी उठलो. बाहेर येऊन बाकावर बसलो. मंदाबाईंना सगळं ऐकू गेलं होतं, त्या भिंतीला कान लावूनच बसतात. त्या म्हणाल्या, "लिहा भाऊ खरं. मले माझ्या भावानं खोटं सांगून नागपूरले नेलं होतं, आतापर्यंत त्याच्या घरचं पानी पिली नाही मी."

म्हणून खरं लिहितो. सुयांनी तुझं तोंड उघडणार नाही. मला स्वतःला त्यांनी फरक पडतो की नाही, तेही अजून कोणी सांगू शकत नाही. तुला तपासणी करावी लागेल. तुकडा काढतील, तो दुखेल, पण बधीर करून काढतात. अहवाल यायला दिवस लागतात आणि ते दिवस वाईट जातात, हे मी अनुभवानं सांगतो. कदाचित कापावं लागेल. कदाचित नुसता खर्रा सोडून व्यायाम करावा लागेल. पाहिल्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही.

आलास तर मी तुझ्यासोबत प्रत्येक दारात उभा राहीन. नाही आलास तरी पत्र लिहायचं थांबवणार नाही. मग ती कशी वाचायची ते तू पाहा.

उदाराम

३१ जानेवारी २०२४

श्यामलाल,

तू भिलाईला नीट पोचलास हे वहिनींनी पुष्पाला कळवलं. अहवाल येईपर्यंत तू फोनवर बोलणार नाहीस म्हणालास, म्हणून पुन्हा कागद. त्या सोमवारचं माझ्या बाजूचं तुला ठाऊक नाही, ते सांगतो.

तू कळवलं नव्हतंस. महिनाभर उत्तर नव्हतं. मी आशा सोडली होती असं नाही, पण दर सोमवारी गाडीतून उतरताना फलाटावर पाहणं सोडलं होतं. त्या दिवशी मी पलंगावर होतो, डोळ्यांवर पट्टी, कानात, हनुवटीत, बोटांत सुया. आणि बाहेरच्या व्हरांड्यातून आवाज आला, "अवो बाई, इथं लोकायले सुया टोचून झोपवतात ते कोनत्या खोलीत?"

माईकशिवाय एवढा आवाज दुनियेत एकाचाच आहे. तोंड दीड बोट उघडत असलं तरी!

मला उठता येईना. ओरडता येईना, जीभ कोरडी. मला हसू फुटलं. पोट हलायला लागलं, कानातल्या सुया थरथरायला लागल्या. तेव्हा भुपेंद्र सर पहिल्यांदा जास्तीचं बोलले. "हलू नका." मी आणखी हसलो. सर म्हणाले, "काका, प्लीज." असं पूर्ण वाक्य ऐकून मला इतकं हसू आलं की त्यांनी त्या दिवशीच्या सुया काढून घेतल्या. दामिनीनं नंतर कागदावर कारण लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही.

तू डॉक्टरांच्या खोलीत गेलास, वहिनी आत आल्या नाहीत. दाराबाहेर माझ्याजवळ उभ्या राहिल्या. त्याच होत्या मंडईत पुष्पाला सांगणाऱ्या. तुला कळलंच असेल. त्यांना बोलू नकोस. तुझ्या जेवणाचं ताट रोज त्याच धुतात, त्यांना नाही कळणार तर कोणाला?

मग तू गालात कापूस धरून बाहेर आलास आणि आपण बाकावर बसलो. मी काही विचारलं नव्हतं. तूच म्हणालास, "फाटकापाशी आलो तं खिशात खर्ऱ्याची पन्नी होती. आत येऊन तुझं तोंड पायलं असतं तर मले माझंच दिसलं असतं." आणि म्हणालास, "भ्यालो मी, उदाराम."

मी तेव्हा बोललो नाही, कारण तोंड कोरडं पडलं होतं आणि बाटली मंदाबाईंकडे होती. जे बोलायचं राहिलं ते हे. मी वाट पाहिली होती. नळ्या लावलेल्या होत्या तेव्हा दार वाजलं की वाटायचं तूच. पण फाटकापर्यंत आला होतास, गावाहून नागपूरला गाडीनं येऊन फाटकापर्यंत आला होतास, हे मला कधी विसरता आलं नाही. आता त्या राहिलेल्या रागाचं काय करू ते समजत नाही. शोधला तर सापडत नाही.

खर्रा सोडलास का? एका शब्दात कळव.

उदाराम

२६ फेब्रुवारी २०२४

श्यामलाल,

अहवाल मी दामिनीकडून तीनदा समजून घेतला, म्हणून तुला नीट सांगू शकतो. कॅन्सर नाही. अजून नाही. पांढरा चट्टा त्या वाटेला लागला होता. तो चट्टा तेवढा काढायचा, बाकी गाल ठेवायचा. रेडिएशन नाही. रेडिएशन नाही श्यामलाल! तुझं तोंड ओलं राहणार.

नागपूरला ऑपरेशनला मी येतो. हो-नाही करू नकोस, पुष्पानं माझी पिशवी भरून ठेवली आहे. नंतर काही दिवस तुला बोलायला बंदी राहील असं डॉक्टर म्हणाले. फोनवर हे ऐकून वहिनी किती खूश झाल्या ते तू ऐकायला पाहिजे होतं.

तोंड उघडायचे व्यायाम मात्र करावे लागतील. आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या चपट्या काड्या दातांमध्ये घालायच्या आणि हळूहळू वाढवायच्या. रोज. कंटाळा करशील हे मी आताच डॉक्टरांना सांगून ठेवलं. ते म्हणाले, मग तुम्ही रोज विचारा. म्हणून यापुढं रोज फोन करीन. उचलायचा, आणि किती काड्या ते बोटांनी वाजवून सांगायचं.

माझे सोमवार संपले. शेवटच्या दिवशी भुपेंद्र सरांना मी केळी दिली. त्यांनी घेतली आणि 'उठा' म्हणाले.

उदाराम

१ जून २०२५

श्यामलाल,

रोज फोनवर बोलतो तर पत्र कायले, असं म्हणशील. परवाची गोष्ट फोनवर सांगायला घेतली आणि तू मध्येच तुझ्या काड्यांची सांगायला लागलास. तीन बोटांच्या आसपास पोचलास हे ऐकून मी माझं विसरलो. म्हणून आता लिहितो, कागदावर तू मध्ये बोलू शकत नाहीस.

आधी मागच्या महिन्यातलं. दामिनीनं आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. शेवटच्या माणसाची मोजणी झाली, चिठ्ठ्यांचं कुलूप उघडलं, कोण कुठं होतं ते कळलं. चहा-बिस्किटं ठेवली होती. कोरड्या तोंडाच्या माणसांना बिस्किटं! मंदाबाईंनी ते बोलून दाखवलं आणि पोरगी बिचारी लाजली.

मी खऱ्या सुयांत होतो. आणि काटा म्हणतो माझी लाळ जवळपास तेवढीच आहे, जराशी वाढली, नाही वाढली. मंदाबाई खोट्या सुयांत होत्या. त्यांचा कप पहिल्यापेक्षा दुप्पट. बाई खुर्चीतून उठल्या.

"खोट्यानं एवढं झालं, तं खऱ्या कायले टोचता लोकायले?"

सगळे हसले. भुपेंद्र सरसुद्धा. त्यांना बोलायची मोकळीक मिळाली होती आणि ते चांगलं बोलतात, हे त्या दिवशी समजलं.

दामिनीनं मग सगळ्यांचं मिळून सांगितलं. एका माणसाचं पाहून काही ठरत नाही, म्हणाली. ज्यांना सुया लागल्या, खऱ्या काय नि खोट्या काय, ते सगळे सांगतात की खाणं-बोलणं सुधारलं. सुयाच नसलेले तेवढं सांगत नाहीत. पण काट्यावर खऱ्या-खोट्यांत फारसा फरक दिसत नाही. म्हणजे सुईनं झालं, की दर सोमवारी कोणीतरी नीट विचारपूस केली त्यानं झालं, की वेळेनं गाठी आपोआप सुधारल्या, हे या अभ्यासातून म्हणता येत नाही. "जसं आहे तसंच छापायला पाठवणार," ती म्हणाली. आवाज बसला होता. मला वाटतं तिला वेगळं हवं होतं. इतकी वर्षं घातली तिनं.

मी तिला एवढंच म्हणालो, "बाई, मी भाकर खाऊन राहिलो, रात्री एकदा उठतो, इंद्रकुमारसोबत पटाची एक फेरी बोललो. हे कायनं झालं ते तुमी लिहू नका. झालं एवढं लिहा." ती म्हणाली, ते प्रश्नांच्या कागदात आलंच आहे, काका. मग हसली.

आता परवाचं. पुष्पा लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती. मी ओसरीत तिच्यासमोर बसून कोया वेगळ्या करत होतो. गावठी झाडाच्या कैऱ्या, पहिल्या पावसाच्या आधी उतरवलेल्या, कडक. तिनं एक फोडली आणि चीक उडाला. तो आंबट वास नाकात गेला, आणि श्यामलाल, माझ्या दोन्ही कानांच्या खाली कळ आली. लहानपणी यायची तशी. मला वाटलं आजार परत आला. मी घाबरून हात लावला. तेवढ्यात जिभेखाली काहीतरी गार गार सुटलं. भरून आलं. ओठांच्या कडेनं बाहेर आलं, हनुवटीवर आलं.

पुष्पानं वर पाहिलं. "काय झालं? चक्कर आली का?"

मला बोलता येईना. तोंड भरलं होतं. मी नुसतं बोट दाखवलं. तिनं पाहिलं, अडकित्ता खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला. मग एक फोड उचलली, मीठ लावलं आणि माझ्या पुढं केली. मग दुसरी. तिनंही एक तोंडात टाकली. आम्ही दोघांनी अशा किती फोडी खाल्ल्या कोण जाणे.

संध्याकाळी दामिनीला फोन केला. तिनं सगळं ऐकलं. एकदा थांबवून विचारलं, किती वेळ टिकलं? मग म्हणाली, "काका, अभ्यास बंद झाला. आता हे कुठंच धरता येणार नाही." आणि फोन ठेवता ठेवता, "उद्या पुन्हा एक फोड खाऊन बघाल? मला फक्त सांगा."

काल सकाळी खाल्ली. पुन्हा सुटलं, थोडं कमी. तिला सांगितलं.

लोणच्याची बरणी अर्धीच भरली आहे. पुष्पा म्हणते, तुमी सगळ्या कैऱ्या खाल्ल्या, आता भिलाईवाल्यांसाठी काय ठेवू? म्हणून पिशवी घेऊन निघतो आहे. तळ्याकाठच्या झाडावर अजून शिल्लक आहेत.

उदाराम